दातातला दोरा

ज्या वर्षी आग्राफेना साव्विश्नाच्या थोरल्या मुलीला, मारफाला, जुळं झालं आणि त्यातलं एकच हाती लागलं, त्याच वर्षी ल्वोविचच्या बॅले नाचाच्या मंडळीतून जाळीचे परकर गेले. ते साल १९२४. मारफाचा नवरा पॅरिसच्या वेशीबाहेर मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. साव्विश्ना काही दिवस तिकडे राहिली. एका नातवाला पुरलं, दुसऱ्याचं नाव ठेवलं, लेकीला पेज भरवली आणि सोमवारी सकाळी कामावर परतली. बघते तर कपडेपटाचं दार सताड उघडं. आत मंडळीचे मालक गेर्मान ल्वोविच स्वतः पेटारे उघडून उभे होते आणि पीटर्सबर्गहून जिवापाड जपत आणलेले परकर जमिनीवर ढिगाने पडले होते.

“आलात? बाळ-बाळंतीण बरे आहेत ना?” ल्वोविच म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता ढिगाकडे बोट केलं. “हे आता बाहेर.”

“बाहेर म्हणजे कुठे, गेर्मान ल्वोविच?”

“म्हाताऱ्या गोष्टी जातात तिथे.”

साव्विश्नाच्या हाताखाली फ्योक्ला नावाची शिवणारीण होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती खिडकीपाशी बसून टाके उसवत होती, तिथूनच म्हणाली, “आधी परकर. मग लढाईच्या आधी ते सुलतानाच्या बायकांचे पायजमे आणि मोत्यांच्या माळा. मग पुठ्ठ्याची खोकी, त्यात पोरींना नाक खाजवायला हात वर करता येईना. आता काय घालायचं त्यांनी? आंघोळीचे कपडे?”

“पोहण्याचे,” ल्वोविच म्हणाले.

फ्योक्ला खो-खो हसली. मग त्यांचं तोंड बघितलं आणि पुन्हा टाके उसवायला लागली.

खरोखरच पोहण्याचे कपडे होते. ब्रेशे नावाच्या फ्रेंच चित्रकाराने काढलेली चित्रं ल्वोविचनी भिंतीवर टाचणीने लावली होती. समुद्रकिनारा, चेंडू, रॅकेट घेतलेल्या मुली. मुलींच्या अंगावर लोकरी विणीचा नळीसारखा सरळ पोशाख, वर मांडीपर्यंत उघडे पाय. कंबर नाही, छाती नाही, घेर नाही. एरवी तुतारी आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या जोडीला आता सॅक्सोफोनवाले दोघे काळे वादक अमेरिकेहून येणार होते.

“बाई आता अशी दिसते,” ल्वोविच म्हणाले. “रस्त्यावर उभ्या राहा आणि बघा. केस कापलेले, अंग पोरासारखं. आपल्या मुली मात्र अजून वाढदिवसाच्या केकसारख्या दिसतात. साव्विश्ना, विणीच्या कापडात काही लपत नाही. पुढच्या वसंतात जिला हे शोभणार नाही तिला मी ठेवणार नाही.” ते दारापर्यंत गेले आणि थांबले. “तुमच्या धाकटीलासुद्धा. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर रडारड नको.”

धाकटी म्हणजे रिम्मा. वीस वर्षांची, मागच्या रांगेत नाचायची. साव्विश्नाचा नवरा येफिम पीटर्सबर्गच्या थिएटरात सुतार होता. क्रांतीनंतरच्या पळापळीत इस्तंबूलच्या निर्वासितांच्या बराकीत छातीच्या रोगाने गेला. मुलगी हाडापेराने त्याच्यावर गेली होती, रुंद खांदे, रुंद कमरेखालचा भाग. जाळीच्या परकरात ते चालून जाई. परकर कमरेवर असा फुलायचा की खाली हाड आहे की गवत हे कुणाला कळू नये. थिएटरच्या शाळेत गुरुजींनी तिची उडी बघून साव्विश्नाला सांगितलं होतं की ही एक दिवस पुढे येईल. ते वाक्य साव्विश्ना देश सोडतानासुद्धा बरोबर घेऊन आली होती. तिला आयुष्यात आणखी काही नको होतं. रिम्मा मागच्या रांगेतून निघून पुढे यावी, एकटी, आणि आपण विंगेत उभं राहून ते बघावं, एवढंच. आणि आता ती मागच्या रांगेतूनही जाणार होती.

जुन्या चोळीची शिवणच वेगळी. आत व्हेलमाशाच्या हाडांच्या पट्ट्या, मागे हुकांची ओळ, दोन्ही कुशींना आत चांगली रुंद माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, सोडलेली. मुलगी अंगाने भरली की माया सोडायची, उतरली की पुन्हा घालायची. एकीची चोळी दुसरीला जायची, दुसरीची तिसरीला. आतल्या पट्टीवर घालणारीच्या नावाची फीत शिवलेली असे, आणि ती गेली की तिच्या फितीवरच पुढचीची फीत. रिम्माच्या चोळीत अशा फितींची गादीच झाली होती. सगळ्यांत खालची कुणाची ते साव्विश्नाला आठवत होतं.

विणीच्या पोशाखाला असं काही नाही. जिच्या अंगावर बेतला तिचाच. कुशीला माया ठेवली तर बाहेरून वळ दिसतो. मागे बटणं लावली तर ब्रेशेला ती खुपली. सरळ रेघ मोडते म्हणाला. म्हणून ठरलं की मुलीने पोशाख घालायचा आणि प्रत्येक खेळाआधी पाठीची शिवण तिच्या अंगावरच घालायची. खेळ झाला की उसवायची.

पहिल्यांदा बेतायला रिम्मा स्टुलावर उभी राहिली तेव्हा साव्विश्नाने सुईत दोरा ओवला आणि दुसरा एक पांढरा दोरा तिच्यापुढे धरला.

“धर दातात.”

“अगं आई, इथे पॅरिसमध्येसुद्धा?”

“पॅरिसमध्ये सुई टोचत नाही का? अंगावरचं शिवताना दोरा दातात नसला तर अक्कल शिवली जाते. माझ्या आईने सांगितलंय, तिच्या आईने तिला सांगितलं होतं.”

“माझी शिवायला आहे कुठे?”

“जेवढी आहे तेवढी राहू दे. धर.”

रिम्माने दोरा दातात धरला आणि त्यातूनच हसली. पण पोशाख घालून आरशापुढे गेल्यावर तिचं हसू मावळलं. बटाट्याच्या पोत्याला पट्टे ओढावेत तशी दिसत होती. ब्रेशे आला, डोकं एका बाजूला कलवून बराच वेळ बघत राहिला, आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, “मुलगी देखणी आहे. पण मागच्या शतकातली.”

ल्वोविच म्हणाले, “वसंतापर्यंत बघू.”

त्या हिवाळ्यात मंडळीतल्या सगळ्याच मुली बारीक व्हायच्या मागे लागल्या. व्हिनेगर प्यायच्या, जेवणाऐवजी सिगारेट ओढायच्या, बर्फासारख्या पाण्याने अंग चोळायच्या. आस्या नावाची मुलगी पुढच्या रांगेत होती, एकटीचा नाच तिलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती काकडीच्या खारावर दिवस काढायची आणि तरी तिची छाती काही सपाट होईना. साव्विश्ना ती फडक्याने आवळून बांधायची. आस्या म्हणायची, “आणखी ओढा, साव्विश्ना. श्वास नाही घेतला तरी चालेल, नाच लहान आहे.”

रिम्माचं मात्र आपोआप होत होतं. नाताळानंतर तिची भूक गेली. मग ईस्टरआधीचा मोठा उपवास आला, दूध-लोणी बंद झालं, आणि साव्विश्नाने मनात म्हटलं, देवाने वेळ साधली. दर थोड्या दिवसांनी बेताला उभं केलं की कुशीत टाचणी आणखी आत जायची. साव्विश्ना तोंडात टाचण्या धरून पोरीभोवती गुडघ्यांवर फिरायची आणि तिच्या बोटांना कापड सैल लागलं की काळीज फुलायचं. हाताच्या बोटांना सगळं आधी कळतं. पण बोटांना कळलेलं मन जसं हवं तसं वाचतं.

“काय खातेस काय गं?” फ्योक्लाने एकदा विचारलं. “मला पण सांग, माझा नवरा परत येईल.”

“तुझा नवरा कंबर बघून नाही गेला, फ्योक्ला. तुझी जीभ ऐकून गेला,” रिम्मा म्हणाली.

सगळ्या हसल्या. रिम्मा हसता हसता खोकायला लागली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

ईस्टर झाल्यावर ल्वोविचनी सगळ्यांना पोशाखात ओळीने उभं केलं. ब्रेशे चालत चालत रिम्मापाशी आला आणि थांबला. गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले, गालांवर लाली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेघ. त्याने आपलं चित्र मागवलं आणि तिच्याशेजारी धरलं.

“हीच,” तो म्हणाला.

ल्वोविच साव्विश्नाकडे वळले. “कुठे लपवून ठेवली होतीत हिला?”

आस्या रडली नाही. तिने फक्त छातीचं फडकं सोडलं आणि मोठा श्वास घेतला. “नशीब एकेकीचं,” ती म्हणाली. “आता मी पोटभर जेवते.”

मे महिन्यात पॅरिसमध्ये पहिला खेळ झाला. सॅक्सोफोन वाजला, निळा पडदा वर गेला, आणि मागच्या रांगेतली मुलगी पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा पोशाख घालून एकटी पुढे आली. चेंडू हवेत फेकल्यासारखी उडी मारली आणि खाली यायला विसरली असं वाटलं. साव्विश्ना विंगेत उभी होती. कात्री गळ्यात, अंगुस्तान बोटात. जे मागितलं होतं ते तिला मिळालं. त्या उन्हाळ्यात बड्या घरच्या बायका शिंपिणींकडे जाऊन तसे पट्टे मागू लागल्या.

शरद ऋतूत मंडळी पॅरिसला परत आली तेव्हा एका रविवारी दुपारच्या खेळाआधी साव्विश्ना नेहमीसारखी रिम्माची पाठ शिवत होती. शिवण झाली, दोरा तोडला, आणि ती म्हणाली, “दे.” रिम्माने दातातला दोरा काढून आईच्या हातावर ठेवला. साव्विश्ना तो न बघताच टाकायची. त्या दिवशी बोटाला ओला लागला म्हणून बघितला. पांढरा दोरा मधोमध लाल झाला होता.

“ओठ चावला,” रिम्मा म्हणाली.

साव्विश्नाने तिचा ओठ धरून खाली ओढला. ओठाला काही झालं नव्हतं.

“कधीपासून?”

“आई, बाहेर बोलावतायत.”

“कधीपासून गं?”

“उपवासापासून थोडं थोडं. आता जाऊ?”

ती गेली. साव्विश्ना दोरा बोटाला गुंडाळत उभी राहिली. इस्तंबूलच्या बराकीत येफिमचे रुमाल तिने स्वतः धुतले होते. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

खेळ झाल्यावर खोलीत दोघीच होत्या. चहाचं पाणी उकळत होतं.

“उद्या डॉक्टरकडे जायचं,” साव्विश्ना म्हणाली.

“मंडळीच्या डॉक्टरकडे? तो जिना उतरायच्या आत ल्वोविचना सांगेल.”

“मग दुसऱ्याकडे.”

“दुसरा काय म्हणणार आहे? निजून राहा, वर्षभर, दोन वर्षं, डोंगरावर. आणि मी परत आल्यावर? तोवर पुन्हा फॅशन बदललेली असेल. जाड्या पोरी हव्या असतील.” रिम्मा हसायला गेली आणि थांबली. “आई, जानेवारीत आपण माँटे कार्लोला जातोय. तिथे ऊन असतं. लोक तिथे बरे व्हायला जातात, आपल्याला तर मंडळीच नेतेय. तोवर कुणाला काही कळू देऊ नको. एवढं कर.”

“तुझा बाप असाच म्हणायचा. ऊन पडलं की बरा होईन.”

“बापाला नाचायचं नव्हतं.”

साव्विश्नाने चहा ओतला. मुरंब्याची बशी पुढे सरकवली. नाही म्हणायची वेळ तीच होती, हे तिलाही ठाऊक होतं. पण विंगेतून बघितलेली ती उडी डोळ्यांपुढून हलेना. आणि शेवटी ती म्हणाली, “कापूस लागेल. चांगला, लांब धाग्याचा.”

कारण नुसतं गप्प राहून भागणार नव्हतं. तोवर रिम्मा बारीकपणाच्याही पलीकडे गेली होती. विणीच्या कापडातून बरगड्या मोजता येऊ लागल्या, गळ्याखाली खड्डे पडले, कमरेची हाडं दोन खुंट्यांसारखी वर आली. ब्रेशेला हवी तेवढी रेघ कधीच होऊन गेली होती, आता रेघेच्या आतलं दिसायला लागलं होतं. ल्वोविच परवाच म्हणाले होते, “मुलगी थकलीय का?”

पीटर्सबर्गच्या थिएटरात अंग भरायची विद्या जुनी होती. ज्याची पोटरी बारीक त्याच्या मोज्यात कापसाची गादी, जिचा खांदा पडलेला तिच्या चोळीत पट्टी. साव्विश्ना ती तिथल्या कपडेपटाच्या मोठ्या बाईच्या हाताखाली शिकली होती. तिने कापूस पिंजून पातळ गाद्या केल्या, कडेला इतक्या पातळ की बोट फिरवलं तर कुठे संपली ते कळू नये. बरगड्यांवर, नितंबांवर, गळ्याखाली. उघडे हात आणि गळा कसा झाकणार? तिने ल्वोविचना जाऊन सांगितलं की मुलींना विंगेत गारठा लागतो, बाह्या मनगटापर्यंत घेऊ, गळा बंद करू. ल्वोविचनी ब्रेशेला विचारलं. ब्रेशेने एक रेघ मारून बघितली आणि त्याला ती फार आवडली. सगळ्या मुलींना बंद गळा आणि लांब बाह्या झाल्या. पुढच्या हंगामात दुसऱ्या मंडळ्यांनीही तेच घेतलं, आणि वर्तमानपत्रात आलं की नवी बाई आता झाकलेली आहे.

फसलं ते एका जागी. जुन्या चोळीतली गादी सुटी असे. खेळ झाला की काढायची, शेगडीवर वाळवायची, दुसऱ्या दिवशी कोरडी परत घालायची. विणीच्या कापडात सुटी गादी सरकते आणि उडी मारताना बाहेरून दिसते. म्हणून साव्विश्नाने ती बारीक टाक्यांनी आतून कापडालाच पक्की शिवली. दिसायला अप्रतिम झाली. पण लोकर आणि तिच्या आत कापूस, घामाने भिजला की वाळेना. शेगडीच्या जवळ धरला तर लोकर आटते. दुसरा पोशाख करावा तर ते पट्ट्यांचं विणकाम कारखान्यातून एकदाच मागवलेलं. रिम्माला ताप असायचा, घाम इतरांच्या दुप्पट यायचा. संध्याकाळी भिजलेला पोशाख दुसऱ्या दुपारी ओलसरच तिच्या छातीवर शिवला जायचा, आणि ती विंगेच्या वाऱ्यात आपली पाळी येईपर्यंत उभी राहायची.

हे साव्विश्नाला पहिल्याच आठवड्यात कळलं. पोशाख ती हातात घेऊन बघायची, पिळायची, फुंकर घालायची, इस्त्रीने शेकायची. मग शिवायची.

फ्योक्लाने एकदा तो पोशाख दोरीवरून काढला आणि वजनानेच तिला कळलं. दार लोटून घेऊन ती साव्विश्नासमोर बसली. त्या दिवशी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

“हे मढ्याचं ओझं आहे, आग्राफेना साव्विश्ना. काय घातलंय यात?”

“कापूस.”

“किती दिवस?”

“माँटे कार्लोपर्यंत. तिथे ऊन आहे.”

“ऊन पोरीला लागणार की कापसाला? तुम्ही आई आहात का कोण? उसवा ते. मी उसवू?”

“हात लावू नकोस.”

“मी ल्वोविचना सांगते.”

“सांग,” साव्विश्ना म्हणाली. “मग ती रस्त्यावर. आम्ही दोघी जणी रस्त्यावर. आणि ती तोंड फिरवून निजेल भिंतीकडे आणि तशीच मरेल. तिच्या बापासारखी. तुला काय वाटतं, मला दिसत नाही?”

फ्योक्लाने पोशाख परत दोरीवर टाकला. ती सांगायला गेली नाही. तेव्हापासून ती साव्विश्नाशी कामापुरतंच बोलू लागली आणि सकाळी लवकर येऊन तो पोशाख आपल्या अंगाशी, कोटाच्या आत धरून बसायची. जेवढा वाळेल तेवढा.

जानेवारीत मंडळी माँटे कार्लोला गेली. ऊन होतं. रिम्मा सकाळी समुद्रासमोरच्या बाकावर शाल घेऊन बसायची आणि खरंच तिला बरं वाटायचं. संत्र्याची फोड चोखत म्हणायची, “बघ, आई, मी म्हटलं नव्हतं?” तिचा आवाज बसला होता. साव्विश्ना शेजारी बसून विणीला टाके घालायची आणि तिच्याकडे बघायचं टाळायची.

जुन्या पंचांगाचा आपला नाताळ होऊन गेला आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारचा खेळ होता. साव्विश्नाने पाठ शिवली. त्या दिवशी तिने दोरा दिला नव्हता. पॅरिसहून निघाल्यापासूनच देत नव्हती. का ते रिम्माने एकदाही विचारलं नाही.

नाच चांगला झाला. शेवटची उडी तिने मारली, खाली आली, हसली, लोकांपुढे वाकली आणि चालत विंगेत आली. आईच्या हाताला धरलं. मग तोंडातून रक्त आलं. थुंकीतलं नव्हे, भळाभळा आलं, बंद गळ्यावरून पट्ट्यांवरून खाली. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी छातीवरचं कापड ओढायला लागली. तिला श्वास घेता येईना आणि पोशाख पाठीत शिवलेला होता.

“कापा! अहो कापा ना!” आस्या ओरडली.

साव्विश्नाच्या गळ्यात कात्री होती. तिने गळ्यापासून खाली एका दमात पोशाख कापला. कापड दोन्हीकडे पडलं आणि आतून ओला, लाल झालेला कापूस बाहेर आला. बरगड्यांवरचा, मग कमरेवरचा. त्याच्या खाली जे अंग होतं ते बघून आस्याने तोंडावर हात धरला. पडद्यापलीकडे लोक अजून टाळ्या वाजवत होते.

ल्वोविच धावत आले आणि थांबले. खाली वाकून त्यांनी कापसाची एक गादी उचलली, बोटांनी दाबली, त्यातून पाणी निघालं. त्यांनी रिम्माकडे बघितलं, मग साव्विश्नाकडे.

“केव्हापासून?”

“शरदापासून.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही तिला काढलं असतं.”

“काढलं असतं,” ल्वोविच म्हणाले. “हो. त्याच दिवशी काढलं असतं.” त्यांनी गादी हलकेच खाली ठेवली आणि आपला कोट काढून मुलीच्या अंगावर घातला.

रिम्माला नीसच्या इस्पितळात नेलं. तिथे नन्स होत्या, भेटायला दुपारीच सोडायच्या. सोमवारी साव्विश्ना तिथून परतली तेव्हा ल्वोविच कपडेपटात टोपी हातात घेऊन बसलेले होते. त्यांना बोलायला जड जात होतं हे दिसत होतं.

“उद्या मंगळवारी खेळ आहे,” ते म्हणाले. “आस्याला नाच येतो. पोशाख एकच आहे. फ्योक्ला करेल म्हणाली, पण ते विणकाम तिच्या हाताला नाही. मी तुम्हाला सांगत नाही, साव्विश्ना. विचारतो.”

“आणा,” साव्विश्ना म्हणाली.

फ्योक्ला उठली आणि बाहेर निघून गेली.

साव्विश्नाने गार पाण्यात मीठ घालून रक्त काढलं. कापसाचे टाके एकेक करून उसवले, सगळा कापूस शेगडीत टाकला. तो ओला होता, लवकर पेटेना, नुसता धूर झाला. कापलेली वीण तिने घर धरून घर परत जुळवली. बाहेरून काही दिसेना. आतली रिम्माच्या नावाची फीत उसवली. जुन्या चोळीत ती तशीच राहिली असती आणि वर आस्याची आली असती, पण या कापडात दोन फितींना जागा नव्हती.

मंगळवारी आस्या स्टुलावर उभी राहिली. तिची छाती फडक्याने आवळलेली होती. कापड तिच्या अंगावर ताणलं गेलं, पण बसलं.

“साव्विश्ना, मला भीती वाटते,” ती म्हणाली.

“कशाची?”

“या कपड्याची.”

“कपडा आहे तो,” साव्विश्ना म्हणाली. “दोरा धर दातात.”

तिने पाठ शिवली, गाठ मारली, दोरा तोडला. मग हात पुढे केला. आस्याने दातातला दोरा काढून दिला. साव्विश्नाने तो उजेडाकडे धरून बघितला. दोरा पांढरा होता. “जा,” ती म्हणाली, “बोलावतायत.” आणि ती विंगेत न जाता खोलीतच बसून राहिली.

रिम्मा येफिमोव्ना नीसच्या इस्पितळात ११ फेब्रुवारी १९२६ रोजी, गुरुवारी सकाळी, क्षयाने वारली. आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे तेव्हा २९ जानेवारी होती, आणि थडग्यावर साव्विश्नाने तीच तारीख घालायला लावली. तिचं वय एकवीस होतं.